बोली लागली, बोलीदार गेला कुठे?

हरियाणात नोव्हेंबर 2025 मध्ये गाडीच्या एका नंबरावर ऑनलाइन बोली लागली. नंबर होता एचआर 88 बी 8888. पन्नास हजारांपासून सुरू झालेली बोली चढत चढत 1 कोटी 17 लाख रुपयांवर थांबली आणि देशभर बातमी झाली. मग पैसे भरण्याची मुदत आली आणि गेली. पैसे आलेच नाहीत. बोलीत उतरण्यासाठी भरलेली दहा हजारांची अनामत जप्त झाली. बोली लावणाऱ्याची तेवढी ऐपत आहे का, याची चौकशी करायला राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी सांगितले.

चौकशी व्हावी, पण मूळ दोष त्या माणसाइतकाच त्या लिलावाच्या अटींचाही होता. दहा हजार रुपये अडकवून सव्वा कोटीच्या घरात बोली लावता येत असेल, तर कोणी ना कोणी ती लावणारच. आपल्याकडे पसंतीच्या नंबरासाठी एकापेक्षा जास्त अर्ज आले, तर आरटीओत जादा रकमेचा डिमांड ड्राफ्ट बंद पाकिटात मागवण्याची पद्धत चालत आली आहे. पाकिटे अर्जदारांसमोर उघडायची आणि ज्याचा ड्राफ्ट मोठा, त्याला कोल्हापूरच्या एमएच 09 चा तो नंबर द्यायचा. ही पद्धत जुनी वाटेल, पण तिच्यात बोली जिंकून गायब होण्याची सोयच नाही. बोली कळते तेव्हा पैसे खात्यातून निघालेले असतात.

कोल्हापूरला सौदा नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती व्यापारासाठी, आणि त्या व्यापारात गुळाचा मान पहिला. आज शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे मांडले जातात, व्यापारी रवा फोडून रंग, कणी आणि चव बघतात आणि बोली लागते. हा सारा व्यवहार तोंडी असतो. तरी शेतकऱ्याला भीती नसते, कारण त्याची पट्टी अडत्या करून देतो. खरेदीदाराने दिले की नाही, हा अडत्याचा प्रश्न. खरेदीदाराकडे बाजार समितीचा परवाना असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला उद्या सकाळी त्याच यार्डात, त्याच माणसांसमोर पुन्हा उभे राहायचे असते. गावच्या उत्सवात नारळाचा लिलाव होतो, तेव्हाही पैसे कित्येकदा मागाहून येतात, पण येतात. बोली लावणाऱ्याचे घर सगळ्या गावाला माहीत असते.

म्हणजे दिलेला शब्द दोन गोष्टींनी टिकतो. एक ओळख आणि दुसरी अडकलेली रक्कम. लिलाव ऑनलाइन गेला, तेव्हा पहिली गोष्ट गेली. नाशिकचा, सुरतचा, बंगळूरचा माणूस घरबसल्या बोली लावू शकतो, हा फायदा मोठा आहे आणि त्याने किंमतही चांगली येते. पण तो फोन उचलेनासा झाला, तर त्याच्या दारात जाऊन उभे राहता येत नाही. म्हणून ओळख जितकी पातळ, तितकी अनामत जाड हवी. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच, पण त्याचे परिणाम दूरवर जातात.

कोल्हापुरात हा प्रश्न सर्वांत जास्त भिडतो तो थकीत कर्जाच्या लिलावात. सहकारी बँका आणि पतसंस्थांचा हा जिल्हा. थकीत कर्जासाठी तारण कोर्टात न जाता विकू देणारा सरफेसी कायदा सहकारी बँकांना लागू होतो की नाही, या वादाचा शेवटचा निकाल 5 मे 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिला, तो कागल तालुक्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात. उत्तर होते, लागू होतो. त्यामुळे घर, गाळा, कारखान्याचे शेड यांच्या विक्रीच्या ज्या नोटिसा आपण वर्तमानपत्रात रोज बघतो, त्यांतल्या बऱ्याच याच कायद्याखालच्या असतात.

त्यातले नियम कडक आहेत. बोली जिंकलेल्याने अनामत धरून 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायची. उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी संमतीने ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकला, तर भरलेली रक्कम जप्त आणि मालमत्तेची फेरविक्री. पतसंस्थांच्या वसुलीत सहकार नियमांचा नियम 107 येतो. तिथे जागेवर 15 टक्के आणि बाकी 15 दिवसांत. दिवाणी कोर्टाच्या लिलावात तर फेरविक्रीत किंमत कमी आली, तर तो फरकही पहिल्या बोलीदाराकडून वसूल करता येतो.

पंचवीस टक्के जप्त करणे जास्त होते, असा युक्तिवाद झाला होता. तमिळनाडूतल्या एका लिलावात बोलीदाराने 12 कोटी 27 लाखांची बोली जिंकली, तीन कोटींहून अधिक रक्कम भरली, पण बाकीच्यासाठी कर्ज उभे राहिले नाही. बँकेने रक्कम जप्त केली. पुढे तीच मालमत्ता 14 कोटी 76 लाखांना गेली. बँकेचे नुकसान तर झालेच नाही, मग एवढे पैसे का ठेवायचे? फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जप्ती कायम ठेवली. बोली लावून माघार घेणाऱ्यांना धाक राहिला नाही, तर लिलावाची सारी प्रक्रियाच पोकळ होईल, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. बोलीदाराच्या वाट्याला आलेले नुकसान क्रूर वाटते हे खरे, पण त्याच्या मागे उभ्या असलेल्यांचा विचार कोणी करायचा?

हे मागे उभे असलेले लोक नोटिशीत दिसत नाहीत. विक्री रखडली की कर्जावर व्याज चालूच राहते. घर गेलेल्या माणसाची बाकी वाढते आणि ती त्याच्या जामीनदारांपर्यंत पोचते. दूध संस्थेतला सहकारी, शाळेतला शिक्षक, चुलतभाऊ असे लोक आपल्याकडे जामीन राहतात. एका माणसाने फोन उचलला नाही, याची किंमत ते मोजतात. म्हणून माझे मत असे, की जप्त झालेली अनामत कर्जदाराच्या खात्यात जमा धरली जाते की नाही, हे कर्जदाराने आणि जामीनदाराने बँकेला लेखी विचारावे आणि लेखी उत्तर मागावे.

गप्प बसणारा प्रत्येक बोलीदार लबाड असतो असेही नाही. डिसेंबर 2015 मध्ये मुंबईत दाऊद इब्राहिमच्या पाकमोडिया स्ट्रीटवरच्या हॉटेलचा सरकारी लिलाव झाला. एका ज्येष्ठ पत्रकाराने 4 कोटी 28 लाखांची बोली लावली. जागेत समाजोपयोगी काम करायचे, पैसे लोकांकडून उभे करायचे, असा बेत होता. पैसे जमले नाहीत, अनामत गेली, आणि 2017 मध्ये हॉटेल दुसऱ्याने घेतले. हेतू चांगला असून सौदा मोडला. साध्या बोलीदाराचेही असेच होते. जिंकल्यावर तो प्रथमच सात-बारा, प्रॉपर्टी कार्ड, थकलेली घरपट्टी, आत राहणारा भाडेकरू बघतो आणि घाबरतो. विक्री ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ या अटीवर असते, म्हणजे ही पाहणी बोलीआधी करायची असते. कर्जाची तत्त्वतः मंजुरीही आधीच घ्यायची. पंधरा दिवसांत नवे कर्ज उभे राहील, या भरवशावर 25 टक्के लावू नयेत.

आता दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराचे काय? पहिला पळाला, तर दुसऱ्याला बोलवावे, हे सरळ वाटते. जुने नाणे, सायकल, कॅमेरा विकणाऱ्या घरगुती विक्रेत्याने खुशाल तसे करावे, फक्त त्या दुसऱ्याच्या स्वतःच्या बोलीच्या रकमेला. सार्वजनिक मालमत्तेत मात्र धोका आहे. दोघे संगनमताने येतात. एक जण आवाक्याबाहेरची बोली लावून इतरांना हुसकावतो आणि नंतर अदृश्य होतो. मग दुसरा स्वस्तात माल उचलतो. सरकारी निविदेत सर्वांत कमी दराचा ठेकेदार मागे हटला, तर दुसऱ्याला न देता फेरनिविदा काढावी, असे केंद्रीय दक्षता आयोगाने 2007 मध्येच सांगितले आहे, त्याचे कारण हेच. पालिकेच्या गाळ्यांच्या आणि देवस्थानांच्या जागांच्या लिलावातही हाच नियम हवा. माघार घेतलेल्याला फेरलिलावात बसू देऊ नये, हेही त्यातच आले.

घरगुती विक्रेत्यासाठी कायदा काय म्हणतो? 1930 च्या मालविक्री कायद्यानुसार हातोडा पडला, की विक्री पुरी होते. त्याआधी बोली मागे घेता येते, नंतर नाही. ऑनलाइन झालेला करारही माहिती तंत्रज्ञान कायद्याने वैध आहे. म्हणजे हक्क आहे. पण चार हजारांच्या वस्तूसाठी कोणी कोर्टात जात नाही, जाऊही नये. मुदत देऊन ईमेल आणि मेसेजवर स्पष्ट नोटीस पाठवावी. मुदत संपली, की वस्तू दुसऱ्याला विकत असल्याचे कळवावे, आणि विकावी. सगळा पत्रव्यवहार जपून ठेवावा. खूप दिवस गप्प राहून अचानक ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारा भेटला, तर तिथेच थांबावे. पैसे घ्यायला स्कॅन करावे लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर 1930 या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

आपल्या सहकारी बँकांना, पतसंस्थांना आणि पालिकेला विनंती आहे. नोटिशीत अनामतीची रक्कम, पैसे भरण्याची तारीख, माघारीचा परिणाम आणि मालमत्तेवरचे सर्व बोजे ठळक मराठीत, पहिल्याच परिच्छेदात छापा. अनामत मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात ठेवा. आणि ती भरल्याशिवाय कोणालाही बोलीला बसू देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.