लोकसंगीताच्या प्रयोगातील ध्वनिवर्धन : जामनेर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
खान्देशातील बहुतेक लोकसंगीत ध्वनिवर्धकाच्या आधी घडलेले आहे. कानबाईच्या रात्री स्त्रिया म्हणतात ती गाणी, डफाच्या साथीने रंगणारे वहीगायन, जात्यावरची ओवी यांपैकी एकाचीही घडण दूरच्या श्रोत्यासाठी झालेली नाही. आज मात्र जामनेर तालुक्यातही कार्यक्रम ठरला की मंडपाबरोबर माईकही सांगितला जातो. त्याची खरी गरज केव्हा असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचन :
ही गरज सामान्यतः श्रोत्यांच्या संख्येवरून ठरविली जाते. वस्तुतः ती भोवतालच्या गोंगाटावरून ठरावयास हवी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. शब्द स्पष्ट कळण्यासाठी तो गोंगाटापेक्षा साधारण १० डेसिबलने वरचढ असावा लागतो. समजा, खड्या आवाजाच्या गायकाचा स्वर एक मीटरवर ८० डेसिबल आहे. बाजाराच्या दिवशी चौकात ६० डेसिबल गोंगाट असेल, तर त्याचे शब्द जेमतेम तीन मीटरपर्यंत कळतील. गाव निजल्यावर गोंगाट ४० डेसिबलवर आला, की तोच गायक तीस मीटरवरही समजेल. तावडी बोलीतील शब्दांची गंमत ज्या गाण्यात आहे, तेथे हा फरक निर्णायक ठरतो. (माईकसाठी आणलेला जनरेटर जवळच ठेवला, तर माईकची निम्मी गरज त्यानेच निर्माण केलेली असते.)

दुसरा प्रश्न तोलाचा आहे. वहीत मुख्य गायक ओळ उचलतो आणि साथीदार ती झेलतात. एकच माईक मुख्य गायकाच्या तोंडाशी धरला, की झेलणारे मागे पडतात व समूहाचे गाणे एकट्याचे होते. अशा वेळी माईक थोडा दूर, सर्वांच्या मध्ये ठेवावा. डफाला तर मोकळ्यावर माईकची गरजच नसते. तो शब्दांवर चढत असल्यास डफवाल्यास मागे बसविणे पुरेसे होते. ओवीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिची लय जात्याच्या फेऱ्यात व दळणारीच्या श्वासात असते. महाविद्यालयीन रंगमंचावर माईकसाठी गायिकेला जात्यापासून उठवून उभे केले, तर शब्द पोहोचतात, पण लय सुटते.

प्रचंड जत्रा, वाहता रस्ता किंवा मोठे पटांगण येथे ध्वनिवर्धन टाळता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथेही रंगमंचाजवळ एकच मोठा कर्णा लावण्यापेक्षा मागील श्रोत्यांजवळ लहान कर्णे मंद आवाजात ठेवणे हितावह ठरते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रात्र जागविणाऱ्या लोकप्रकारांवर हे बंधन जाचक वाटते. परंतु हीच ती वेळ, जेव्हा भोवताल शांत झालेला असतो आणि उघडा आवाज अंगणाच्या टोकापर्यंत सहज पोहोचतो.