पाटी न लागणारी वर्गणी

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन द्यायचं, म्हणजे रुग्णांच्या बोलीत ‘लाइट घ्यायचे’, तर आठवड्यातून पाच दिवस आणि असे साधारण सहा-सात आठवडे. एका वेळी काही मिनिटंच लागतात आणि घेताना दुखत नाही. पण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड आतून सोलवटतं, मऊ भातसुद्धा गिळवत नाही. नेमके तेव्हाच घरून आणलेले पैसे संपतात. जरा बरं वाटलं की येतो, असं सांगून रुग्ण गावी निघून जातो. त्या खाड्यात उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात आणि आधी सोसलेलं बरंचसं वाया जातं.

आसामच्या दक्षिण टोकाला, सिलचरच्या कछार कॅन्सर हॉस्पिटलात २००७च्या आसपास उपचार नीट पाळणारे रुग्ण शंभरात अठ्ठावीस होते.

हे रुग्णालय कुण्या धनिकाचं नव्हे, सरकारचंही नव्हे. बराक खोऱ्यातल्या लोकांनी १९९२ साली संस्था काढली आणि १९९६ साली रुग्णालय सुरू झालं. या खोऱ्याचा नकाशा पाहिला की कारण कळतं. एका बाजूला बांगलादेश, बाकीच्या बाजूंना मेघालय, मणिपूर, मिझोराम, त्रिपुरा. राजधानी गुवाहाटी तीनशेहून अधिक किलोमीटर दूर, डोंगरातून जाणारा रस्ता पावसाळ्यात कधी खचेल याचा नेम नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी तिकडे पोचायलाच चोवीस तास लागत. रेल्वेची ब्रॉडगेज सिलचरला पोचली ती थेट २०१५ साली. राजधानीशी या खोऱ्याचं मनही फारसं जुळलेलं नाही. बंगालीला सरकारी भाषेचा दर्जा मिळावा म्हणून १९ मे १९६१ रोजी सिलचरच्या स्टेशनावर अकरा जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, तो दिवस इथे अजून पाळला जातो. अशा ठिकाणी ‘आपलं आपणच बघू’ हा निव्वळ स्वभाव नसतो, दुसरा इलाजच नसतो. आणि रोगी तर घरोघरी. सुपारी आणि तंबाखू इथल्या रोजच्या जगण्यात इतकी मुरलेली, की तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाला वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही.

२००७ साली डॉ. रवी कन्नन चेन्नई सोडून संचालक म्हणून इथे आले. चेन्नईत ते अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते. ही संस्थासुद्धा लोकांच्याच पैशांवर उभी राहिलेली. बहीण कर्करोगानं गेल्यापासून डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी कर्करोगासाठी वेगळ्या रुग्णालयाचा ध्यास घेतला होता. तेव्हाचा सरकारी सूर असा की कर्करोगानं माणसं मरतातच, त्यासाठी वेगळं रुग्णालय कशाला? मग त्यांनी महिला संघटनेमार्फत निधी जमवायला घेतला. १९५२ साली नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९५४ साली बारा खाटा सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी तिथे राहायला आलेल्या कर्करोगतज्ज्ञ डॉ. व्ही. शांता २०२१ साली वारल्या, त्या त्याच आवारात घर करून. तेव्हा कन्नन सिलचरला आले ते वर्गणीच्या एका घरातून दुसऱ्या घरात.

फरक एवढाच की दुसऱ्या घरात फारसं काही नव्हतं. कर्मचारी अवघे तेवीस. अशा वेळी कुठल्याही कर्तबगार डॉक्टरला पहिल्यांदा यंत्रं सुचतील. कन्नन यांनी त्याआधी न परतणाऱ्या रुग्णांचा माग काढला. उत्तर वैद्यकशास्त्रातलं निघालं नाही. रुग्ण आणि सोबतीला आलेला माणूस, दोघांची मजुरी एकदम बुडत होती. मजुरी तरी किती? २०२२ साली वाढ मिळाल्यावरही बराक खोऱ्यातल्या चहामळ्यांत दिवसाला २१० रुपये पडत होते, आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या मळ्यांत २३२. एकाच राज्यात, एकाच कामाला! आई दवाखान्यात आणि लेक तिच्या उशाशी, मग घरी चूल कशी पेटायची?

म्हणून रुग्णालयानं औषधापलीकडच्या गोष्टींची सोय लावली. राहणं फुकट, जेवण फुकट, आणि सोबत आलेल्या नातेवाइकाला तेवढ्या काळापुरतं रुग्णालयातच काम. हा शेवटचा उपाय मला सगळ्यांत हुशारीचा वाटतो. हातात पडतो तो रोज, मिंधेपणा नाही. ज्यांना बरं करणं शक्य नाही त्यांच्या घरी रुग्णालयाची माणसं लांबलांब जातात, वेदनाशामक औषधं मोफत देतात आणि ती कशी द्यायची, जखम कशी धुवायची हे घरातल्या माणसाला शिकवतात.

आपल्याला हे नवं वाटू नये. गाडगेबाबांनी आयुष्यभर जमवलेला पैसा देवळांऐवजी धर्मशाळांत घातला. परळच्या टाटा रुग्णालयाचे कितीतरी रुग्ण आजही दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात. ज्यांना तिथे जागा मिळत नाही त्यांचे संसार परळच्या फुटपाथवर दिसतात. अंथरूण हासुद्धा उपचाराचाच भाग आहे, हे बाबांना रेडिएशनचं गणित न मांडता कळलं होतं.

सिलचरला उपचार पाळण्याचं प्रमाण अठ्ठावीस टक्क्यांवरून सत्तर टक्क्यांवर गेलं. २०२३ साली कन्नन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर कर्मचारी ४५१ झाले होते, विभाग अठ्ठावीस, आणि वर्षाला सरासरी पाच हजार नवे रुग्ण. या आकड्यांत मला मोठा वाटतो तो सत्तरच.

अडचण आहे ती वर्गणीच्या स्वभावात. देणगीदाराला यंत्र आवडतं. त्यावर नाव घालता येतं, फीत कापता येते, कोनशिलेपाशी फोटो काढता येतो. भाताच्या पातेल्यावर पाटी कोण लावणार? चुकलेल्या तारखेबद्दल रुग्णाला फोन करणाऱ्या मुलीच्या पगारावर कुणाच्या आजोबांचं नाव कोरायचं? यंत्र एकदाच घ्यायचं असतं, भात रोज लागतो. सरकारी विमा योजना आल्या आणि त्यांनी बराच भार उचलला, हे खरंच. पण योजनेतलं ‘पॅकेज’ शस्त्रक्रियेला आणि केमोला असतं, लेकीच्या बुडालेल्या रोजाला नसतं. २०२२पासून आसामात सरकार आणि टाटा ट्रस्टनं मिळून कर्करोग रुग्णालयांची साखळीच सुरू केली आहे. ती हवीच होती. पण तिसऱ्या आठवड्यात गावी गेलेल्या माणसाला हाक मारायला तिथे कुणी आहे का, हे मी आधी विचारीन.

त्याच २०२२च्या जूनमध्ये बराक नदीचा बांध फुटला आणि सिलचर शहर पाण्यात गेलं. दीडशे खाटांचं हे रुग्णालयही त्यात होतं. भुलीसाठी लागणारा वायू पुरेना, म्हणून आठवड्याला वीसेक होणाऱ्या शस्त्रक्रिया चारेकवर आल्या. रुग्ण आणि कर्मचारी यांची ने-आण करायला रुग्णालयानं लाइफ जॅकेट आणि हवेचा तराफा मागितला. केमोच्या तारखा मात्र पुढे ढकलल्या नाहीत. इमारतीबाहेरच्या रस्त्यावर जिथे पाणी कमी होतं तिथे रुग्णांना बसवलं आणि उघड्या आभाळाखाली केमो सुरू केली.