सहल रायगडाला जाते, चवदार तळ्यावर का थांबत नाही?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीची वर्गणी गोळा होऊ लागते. एस.टी.च्या गाड्या रायगड, प्रतापगड, महाबळेश्वरकडे धावू लागतात. मुले गाणी म्हणतात, भेळ खातात, फोटो काढतात आणि परत येतात. यात वाईट काहीच नाही. पण रायगडाला जाणाऱ्या किती गाड्या महाडला थांबतात? गडापासून चवदार तळे सुमारे २५ कि.मी. अंतरावर आहे. गाडी तळ्याच्या गावातून जाते आणि मुलांना तळे दिसत नाही!

एखाद्या शिक्षकाने मनावर घेतले तर त्या तळ्याच्या काठावर इतिहास आणि नागरिकशास्त्राचे अख्खे वर्ष शिकवता येईल. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले. तरीही आपल्या माणसांना पाणी घेता येईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले. पुढे कोर्टबाजी झाली, आणि हायकोर्टाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. शिक्षकाने मुलांना एवढेच विचारावे, "ठराव आधी झाला, मग पाणी मिळायला एवढी वर्षे का लागली?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गाईडात मिळणार नाही.

बाबासाहेबांना प्रवासाने काय शिकवले, तेही मुलांना सांगावे. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी काहींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला. शेवटी पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर किल्ला पाहता आला; शिवाय पाळतीला हत्यारबंद शिपाई! ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आज दौलताबादला जाणाऱ्या किती मुलांना ती ठाऊक असते?

अनुभवातून शिक्षण ही कल्पना आपल्याला परकी नाही. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू असलेले प्रा. जॉन ड्यूई यांनी हाच विचार मांडला. त्याच्याही कितीतरी आधी तथागतांनी भिक्खूंना चारिकेला पाठवले. धम्माला आपण 'एहिपस्सिको' म्हणतो; म्हणजे ये आणि स्वतः पाहा.

पाहण्याच्या पुढची पायरी सेवेची. महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालापासून चालते. दोन वर्षांत २४० तास काम आणि खेड्यात सात दिवसांचे शिबीर, अशी तिची रचना आहे. योजना चांगली, पण पुष्कळदा शिबीर देवळापुढचे आवार झाडून संपते. झाडू मारणे हीच सेवा असेल, तर ती आपल्या आजोबा-पणजोबांवर जातीने लादलेलीच होती. त्यातून आपली मुले नवे काय शिकणार? झाडू हातात घ्यायचाच असेल तर सर्वांनी पाळीपाळीने घ्यावा. आणि त्यासोबत वहीही घ्यावी. गावात नळ किती, त्यातले बौद्धवाड्यात किती, स्मशानाकडे जाणारा रस्ता कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे मुलांनी मोजावे आणि ग्रामसभेपुढे वाचावे. अशा सेवेतून गावही शिकेल आणि मुलेही शिकतील.

एक गोष्ट मनाला लागून राहिलेली आहे. मी सातवीत असताना वर्गणी भरता आली नाही म्हणून आम्ही पाच-सहा जण मागे राहिलो. दोन दिवस रिकाम्या वर्गात बसून होतो. परत आलेल्या मुलांना गुरुजींनी सहलीवर निबंध लिहायला सांगितला. आम्ही काय लिहिणार? सहल हे शिक्षण असेल, तर पैशावाचून एकही मूल त्याला मुकता कामा नये. शाळेच्या सहलीला एस.टी. भाड्यात सवलत देते, पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. उरलेला भार आपल्या नोकरदार वर्गाने उचलावा. जयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा यासाठी बाजूला काढला, तर बाबासाहेबांना ते आवडेलच.

तेव्हा पालकहो, यंदा सहलीची चिठ्ठी घरी आली की मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. नम्रपणे, पण ठामपणे दोनच प्रश्न विचारा: गाडी चवदार तळ्यावर थांबणार का? आणि वर्गातले कोणी मागे तर राहत नाही ना?