आपापल्या पट्टीतील गाणे

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैराग हे बाजारपेठेचे गाव आहे. अशा गावांतील निरोपसमारंभांचे स्वरूप अलीकडे पालटले आहे. भाषणे, शालश्रीफळ आणि अल्पोपाहार यांवर पूर्वी समारंभ आटोपत असे. आता ध्वनिवर्धकाला भ्रमणध्वनी जोडला जातो, त्यातून एखाद्या जुन्या चित्रपटगीताची केवळ वाद्यसंगत सुरू होते आणि सेवानिवृत्त होणाऱ्या लिपिकाच्या हाती ध्वनिक्षेपक दिला जातो. कराओके हा जपानी शब्द त्यामुळे आता खेड्यापाड्यांत कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

पुढे जे घडते तेही बहुतेकांच्या परिचयाचे आहे. गाणे आवडते असते, शब्द तोंडपाठ असतात. धृपद निभावून नेले जाते. अंतरा येतो, चाल वरच्या षड्जाकडे झेपावते आणि गाणाऱ्याचा आवाज मध्येच चिरकतो. सभागृहात हशा पिकतो. त्या हशात दुष्टावा नसतो, हे खरे. परंतु तीस वर्षे घरात गुणगुणलेले गाणे ज्याने चारचौघांत प्रथमच म्हणण्याचे धैर्य केले, तो मनुष्य बहुधा पुन्हा ध्वनिक्षेपकाला हात लावीत नाही. दोष त्याच्या गळ्याचा नसतो. निवडीचा असतो, आणि त्याहूनही अधिक पट्टीचा.

ज्या यंत्रामुळे ही फजिती होते, त्याचा जन्म मात्र नेमक्या उलट हेतूने झाला होता. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा या शब्दाचे जपानी संक्षिप्त रूप. गायकाची जागा मोकळी ठेवलेला वाद्यवृंद, असा त्याचा अर्थ. टोकियोतील शिगेइची नेगिशी यांनी 1967 मध्ये असे एक यंत्र तयार केले होते. कोबे शहरातील दाइसुके इनोउए यांचे यंत्र 1971 चे. जनकत्वाचा मान कोणाचा यावर मतभेद आहेत. तथापि इनोउए यांची हकिकत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. इनोउए हे मद्यगृहांत हौशी गाणाऱ्यांना साथ करणारे वादक होते. गाण्यात कच्च्या असलेल्या एका कंपनीप्रमुखाला त्यांचीच साथ हवी असे, कारण ते त्याच्या चुका सांभाळून वाजवीत. त्याने एकदा त्यांना सहलीला सोबत येण्याची गळ घातली. जाणे शक्य नव्हते, म्हणून इनोउए यांनी त्याला झेपेल अशी साथ फितीवर ध्वनिमुद्रित करून दिली. त्या अनुभवातून यंत्राची कल्पना सुचली आणि पहिली 11 यंत्रे तयार झाली. त्यांनी एकस्व घेतले नाही. 2004 मध्ये त्यांना इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले, तेही शांततेसाठी. माणसांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग त्यांनी दाखविला, असे गमतीदार कारण त्यासाठी देण्यात आले. विनोद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. कराओकेच्या मुळाशी गायकाला सांभाळून घेणारा साथीदार आहे.

जपानी समाजाने ही दृष्टी टिकविली. तेथे ज्या गाण्यावर एखाद्याचा हात बसलेला असतो, त्याला त्याचे ‘जुहाचिबान’ म्हणजे अठरा क्रमांक असे म्हणतात. काबुकी रंगभूमीवरील सातव्या इचिकावा दांजुरो या नटाने एकोणिसाव्या शतकात आपल्या घराण्याची अठरा नाटके निवडली, त्यावरून हा शब्दप्रयोग रूढ झाला, असे सांगतात. ‘तुमचे जुहाचिबान कोणते?’ या प्रश्नात आपल्या मर्यादेची लाज नाही. आपले काय आहे याची जाण आहे.

गाणे सोयीचे कशाने होते, हेही तेथील एका उदाहरणावरून ध्यानात येते. सेन मासाओ यांनी 1977 मध्ये गायिलेले ‘कितागुनी नो हारु’, म्हणजे उत्तरेकडील प्रांतातील वसंत, हे गीत कराओकेतील आवडत्या गीतांपैकी एक आणि जपानबाहेर आशियातील अनेक देशांतही लोकप्रिय. त्याची चाल ‘योनानुकी’ या पाच स्वरांच्या सप्तकावर उभी आहे. योनानुकी म्हणजे चौथा आणि सातवा स्वर गाळलेले. सा, रे, ग, प, ध. भारतीय विद्यार्थ्याला हे स्वर परके नाहीत; हाच भूप होय. अर्धस्वरांची अडचण नाही, लय संथ, ओळींमध्ये श्वासाला अवसर. गाव सोडून शहरात आलेल्या मनुष्याला आठवणारे घर हा त्या गीताचा विषय आहे. कारकून असो वा कारखान्यातील कामगार, गाताना त्याला दुसऱ्या कोणाचे सोंग घ्यावे लागत नाही.

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी आहे असे मात्र नाही. भजनी मंडळात नवा गाणारा बसला की पेटीवाला पहिला प्रश्न विचारतो, ‘पट्टी कोणती?’ काळी एक, पांढरी दोन, काळी चार असे उत्तर मिळते आणि त्यानुसार साथ बदलते. ज्याला उत्तर माहीत नसते त्याला पेटीवाला दोन सूर लावावयास सांगतो आणि स्वतःच पट्टी शोधतो. वारकरी भजनाची पट्टी उंच असते; परंतु तेथे एकट्याचा गळा उघडा पडत नाही. ज्याला वर जाता येत नाही तो टाळ सांभाळतो आणि धृपदाला पुन्हा मिळतो. बार्शीने महाराष्ट्राला अमर शेख यांच्यासारखा पहाडी आवाजाचा शाहीर दिला. त्यांचा आवाज हजारोंच्या सभेवरून दूर जात असे. त्या सभेतील प्रत्येकाने त्याच उंचीवर गावे अशी अपेक्षा मात्र कोणी केली नव्हती. यंत्र नेमका पेटीवाल्याचा प्रश्न विचारीत नाही. मूळ गायकाची पट्टी हीच सर्वांची पट्टी, असे ते गृहीत धरते.

तेव्हा प्रश्न गाणाऱ्यानेच विचारावयास हवा. बहुतेक कराओके यंत्रांत आणि भ्रमणध्वनीवरील साधनांत पट्टी वरखाली करण्याची सोय असते. एक पायरी म्हणजे पेटीवरील लगतची एक पट्टी. लताबाईंचे गीत पुरुषाने मूळ पट्टीत घेतले तर एक तर किंचाळावे लागते किंवा पूर्ण सप्तक खाली उतरून पुटपुटावे लागते. चारपाच पायऱ्यांचा फरक केल्यास तेच गीत गळ्यात बसते. दुसरी कसोटी अंतऱ्याची. मनुष्य गाणे निवडतो ते धृपदावरून आणि अडतो अंतऱ्यात. म्हणून आधी गाण्यातील सर्वांत उंच ओळ आणि सर्वांत खालची ओळ, या दोनच म्हणून पाहाव्यात. न शिकलेल्या गळ्याची सुखाची मजल दीड सप्तकाच्या आतबाहेर असते. त्यात दोन्ही ओळी बसल्या तर गाणे आपले.

मराठी भावगीतांत अशा गाण्यांची वाण नाही. अरुण दाते यांचा मृदू, संयत स्वर अनेकांना जवळचा वाटला. वस्त्रोद्योगातील अभियंता म्हणून नोकरी सांभाळून ते गात राहिले, हेही नोकरदार वर्गाला दिलासा देणारे आहे. तथापि सोपे वाटणारे सर्वच सोपे नसते. श्रीनिवास खळे यांची चाल ऐकताना सहज वाटते आणि गाताना वळणावळणाला परीक्षा घेते. आवाज पाहून गाणे देण्याचा मोठा आदर्श ‘गीतरामायणा’चा. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गदिमांची ही 56 गीते प्रसारित झाली, तेव्हा सुधीर फडके यांनी ती सर्व एकाच गळ्यावर सोपविली नाहीत; पात्र आणि स्वर पाहून गायक-गायिका निवडल्या.

या गोष्टीचे खरे महत्त्व समारंभात नसून शाळेत आहे. राष्ट्रगीताचा आरंभ चढ्या पट्टीत झाला तर शेवटच्या जयघोषाशी पोहोचेतो निम्मे वर्ग मुके होतात किंवा ओरडू लागतात. प्रत्येक शिक्षकाने हे अनुभवले आहे. आठवीनववीतील मुलांची अवस्था आणखी नाजूक. त्या वयात आवाज फुटतो. कालपर्यंत सहज लागणारा स्वर आज लागत नाही. नेमक्या त्या वर्षी ‘तू नुसते ओठ हलव’ असे ज्याला सांगितले जाते, तो पुढे जन्मभर ओठच हलवीत राहतो. निरोपसमारंभात चिरकणाऱ्या आवाजांपैकी काहींची कथा चाळीस वर्षांपूर्वीच्या अशा एखाद्या वर्गात सुरू झालेली असते. प्रार्थना दोन पट्ट्या खाली उतरविण्यास कोणाची मंजुरी लागत नाही, खर्चही येत नाही.

यावर आक्षेप संभवतो. झेपेल तेच गावे म्हणजे परिश्रमांना रजा, असे कोणी म्हणेल. रियाजाने मजल वाढते आणि ज्याला वाढवायची असेल त्याने ती अवश्य वाढवावी. परंतु बहुसंख्य माणसे गायक होण्यासाठी गात नाहीत. दिवसभराच्या हिशेबवह्या आणि उत्तरपत्रिका मिटल्यावर चार ओळी मोकळेपणाने म्हणाव्यात, एवढीच त्यांची इच्छा असते. गाणे हे केवळ ऐकण्याची वस्तू होऊन बसले, तर समाजात उत्तम गायक राहतील, गाणारा समाज मात्र राहणार नाही.

वैरागच्या एखाद्या सभागृहात पुढील निरोपसमारंभ होईल, तेव्हा यंत्र सुरू करण्यापूर्वी कोणीतरी जुन्या पेटीवाल्याप्रमाणे सेवानिवृत्त होणाऱ्याला विचारावे, ‘पट्टी कोणती?’ त्याला सांगता आले नाही, तर त्याच्यासह दोन सूर लावून पाहावेत. मग गाणे सुरू करावे.