साडेतीनशे रुपयांची गोष्ट

‘‘ताई, या महिन्याचे दोनशे पुढच्या महिन्यात दिले तर चालतील का?’’

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न तिने सलग तिसऱ्या महिन्यात विचारला आणि माझा तोल सुटला. कुंडलिकेच्या पुलाच्या एका बाजूला आमचं अष्टमी, दुसऱ्या बाजूला रोहे. नगरपालिका एक, बाजार एक, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक. तिच्या नवऱ्याचं धाटावच्या कारखान्यातलं कंत्राटी काम सुटलेलं होतं, हे मलाही माहीत होतं. तरी मी बोलून गेले, ‘‘केबलचे साडेतीनशे बरे वेळेवर जातात गं तुझे!’’

ती काहीच बोलली नाही. मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. बाकीच्या बायकाही गप्प झाल्या. घरी येताना पुलावर वारा छान सुटला होता, पण मला काही चैन पडेना. समाजसेवा करणाऱ्या बाईची जीभ कधी कधी तिच्या डोक्याच्या पुढे धावते, ती अशी.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिच्या घरी गेले. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खाटेवर तिच्या सासूबाई. अर्धांगाने दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. समोर फळीवर टीव्ही. ‘‘मी सकाळी चार घरची कामं करायला जाते ताई,’’ ती म्हणाली, ‘‘पोरगी शाळेत. हे कामाच्या शोधात. दिवसभर यांच्याशी बोलणार कोण? टीव्ही चालू असला की घरात माणूस आहे असं वाटतं त्यांना. घड्याळ दिसत नाही, पण कुठली सिरियल लागली त्यावरून जेवायची वेळ झाली हे कळतं.’’

मी काय बोलणार? तिने केलेला चहा कसाबसा घशाखाली उतरवला आणि निघाले.

मैत्रिणींनो, आपण फार सहज म्हणतो, ‘टीव्ही ही चैन आहे, आधी ती बंद करा.’ पण अंथरुणावरच्या म्हातारीला, एकट्या राहणाऱ्या बाईला ती खिडकी असते. खिडकी बंद कर, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मग माझ्या डोक्यात प्रश्न आला तो वेगळाच. खिडकी हवी, पण तिचं भाडं एवढं का?

घरी येऊन मी माझी घरखर्चाची वही काढली. आमच्याही केबलचे साडेतीनशेच. वर्षाचे झाले ४२००! महिन्याला देताना जे जाणवत नाही, ते बारा महिन्यांची बेरीज मांडली की बोचतं. मग एक गंमत केली. फ्रिजवर कागद चिकटवला आणि घरातल्या प्रत्येकाला सांगितलं, ‘जे चॅनेल बघाल त्याचं नाव लिहा.’ आठवड्याने मोजले तर दोन-अडीचशे चॅनेलांपैकी आमच्या घरात पाहिले गेले फक्त सात! बाकीचे आम्ही नुसते पोसत होतो.

माझ्या लहानपणी असं काही नव्हतं. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा मी सात वर्षांची. आळीत टीव्ही दोन-तीन घरांत. कौलावर अँटेना, आणि चित्र हललं की कुणीतरी वर चढून ती फिरवायची. खालून आम्ही ओरडायचो, ‘‘आलं, आलं… गेलं!’’ ‘आमची माती, आमची माणसं’मधला शेतीचा सल्लासुद्धा आम्ही पोरं तोंडात बोट घालून बघायचो. महिन्याचे पैसे ही भानगडच नव्हती. नव्वदच्या दशकात केबलच्या वायरी या झाडावरून त्या झाडावर आल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, ‘आभाळमाया’ने घराघरांतल्या बायकांना संध्याकाळी एका जागी बसवलं आणि केबल ही गरज होऊन बसली.

पुढे २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने देशभर सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. २०१९ मध्ये ‘ट्राय’चा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा नवा नियम आला. ठरावीक मूळ आकार भरायचा आणि त्यावर जे पैशाचे चॅनेल हवेत तेवढेच निवडायचे. तेव्हा पहिल्या शंभर चॅनेलांसाठी मूळ आकाराची कमाल मर्यादा १३० रुपये होती, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२४ मध्ये ही मर्यादा काढून टाकली गेली, त्यामुळे आता आकार ठिकठिकाणी वेगळा. पण आपल्याला हवे तेवढेच चॅनेल निवडायचा हक्क मात्र आपला आहे. गटात विचारलं, ‘‘हे किती जणींना माहीत होतं?’’ एकीनेही हात वर केला नाही. खरं सांगायचं तर त्याआधी मलाही धड माहीत नव्हतं.

दुसरा मार्ग म्हणजे दूरदर्शनची छत्री. डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली, तेव्हा ३३ चॅनेल होते. आज देशभरात चार कोटींहून जास्त घरांवर ही छत्री असल्याचा अंदाज आहे. एकदा छत्री आणि बॉक्स विकत घ्यायचा, बसवायचा, की संपलं. दरमहा बिल नाही, रिचार्ज नाही. खासगी चॅनेलवाले त्यावर जागा मिळवण्यासाठी लिलावात प्रसार भारतीला पैसे देतात. म्हणजे भाडं प्रेक्षक भरत नाही, दुकानदार भरतो!

पण फुकट आहे म्हटल्यावर मागचा-पुढचा विचार नको का? झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या रोजच्या ताज्या मालिका या छत्रीवर दिसत नाहीत. सह्याद्री दिसतं, बातम्या दिसतात, जुने चित्रपट, हिंदी मालिका, भक्तीचे चॅनेल आणि आकाशवाणीसुद्धा. शिवाय लिलाव झाला की चॅनेल बदलतात. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांचे चार लोकप्रिय हिंदी चॅनेल छत्रीवरून गेले, २०२० मध्ये परत आले आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा गेले. तेव्हा दुकानदार ‘सगळं दिसतं’ म्हणाला तरी मान डोलवू नका. ज्यांच्याकडे छत्री आहे अशा ओळखीच्या घरी जाऊन तासभर टीव्ही बघून या.

लोका सांगे ब्रह्मज्ञान असं नको, म्हणून पहिला प्रयोग आमच्याच घरी करायचं ठरवलं. सासूबाईंनी लगेच विचारलं, ‘‘आणि माझी आठची मालिका?’’ हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘‘आई, दोन महिने बघू. नाही जमलं तर केबल परत घेऊ.’’ त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री आमटीत मीठ कमी असल्याचं तीनदा सांगितलं!

छत्री, बॉक्स, वायर आणि बसवायची मजुरी मिळून १८०० रुपये झाले. आमच्या भागातून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे, आकाशात बरंच वर करावं लागतं. नेमका तिथेच आमचा माड! शेवटी छत्री मागच्या पडवीवर गेली. पहिला धडा तिथे मिळाला : बसवण्याआधी आग्नेयेला झाड किंवा उंच इमारत नाही ना, हे पाहायचं. दुसरा धडा पैसे देऊन घेतला. दुकानदाराने बिल दिलं नाही, मीही आळसाने मागितलं नाही. तिसऱ्या महिन्यात बॉक्स बंद पडला आणि ‘‘हा आमचा नव्हेच,’’ असं ऐकून परत आले. तेव्हा बिल आणि वॉरंटी घ्याच. बॉक्स ‘एमपेग फोर’चा आहे का, हेही विचारा, कारण काही चॅनेल जुन्या बॉक्सवर दिसतच नाहीत. आणि तिसरा धडा पावसाचा. कोकणातला पाऊस एकदा धो-धो लागला की चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो. उपग्रहावरून येणारी लहर जोराच्या पावसात क्षीण होते, त्याला इलाज नाही. सर ओसरली की चित्र आपोआप येतं.

सासूबाईंच्या मालिकेचं काय झालं? त्या रोज आठला शेजारच्या काकूंकडे जाऊ लागल्या. ‘‘तिथे चहा पण मिळतो,’’ हे मला ऐकू येईल अशा आवाजात सांगून! पंधरा दिवसांनी काकूच दुपारच्या जुन्या मराठी सिनेमाला आमच्याकडे येऊ लागल्या. दोन घरांत मिळून सगळं बघून होतं.

या छत्रीची किंमत मला खरं तर आधीच कळायला हवी होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडावरून गेलं. छपरं उडाली, विजेचे खांब आडवे झाले, केबलच्या वायरी चिखलात लोळत होत्या. त्यात कोरोनामुळे शाळा बंद. जुलैत सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं. मी ज्या आदिवासी वाडीवर जाते तिथे मोबाइलवर शाळा ही कल्पनाच हास्यास्पद होती. पण एका घरावर छत्री होती आणि वीज आल्यावर त्या घराच्या ओटीवर वाडीतली पोरं पाटी घेऊन बसलेली मी या डोळ्यांनी पाहिली. तेव्हा कौतुक केलं आणि विसरून गेले.

गटात हे सगळं सांगितल्यावर चर्चा रंगली. तरुण सुना म्हणाल्या, ‘‘मोबाइलवर सगळं फुकट दिसतं की!’’ प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यावर दूरदर्शनचे चॅनेल पैसे न भरता दिसतात, हे खरं. पण रिचार्ज कुठे फुकट आहे? घरात तीन मोबाइल असतील तर तीन रिचार्ज. आणि टीव्ही एकत्र बसून बघतात, मोबाइल ज्याचा त्याच्या कोपऱ्यात. ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या लिंकपासून तर चार हात लांबच राहा. ती चोरी आहेच, शिवाय त्यातून मोबाइलमध्ये काय शिरेल आणि बँकेतलं काय जाईल याचा नेम नाही.

एक गोष्ट मात्र मला आजही टोचते. आमचा केबलवाला वाटेत भेटला. वादळानंतर भर पावसात खांबावर चढून वायरी जोडणारा हाच मुलगा. म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही सगळ्यांनी छत्र्या लावल्या तर माझ्या पोरांनी काय खायचं?’’ याचं उत्तर माझ्या वहीत सापडलं नाही. मी एवढंच म्हटलं, ‘‘ज्यांना केबल ठेवायची आहे, त्यांना हवे तेवढेच चॅनेल दे. मग त्या तुला सोडणार नाहीत.’’ आधी त्याने नाक मुरडलं, ‘‘सुटे चॅनेल महाग पडतात,’’ म्हणाला. दहा-पंधरा घेतले तर पडतातही. पण चार-पाचच निवडले तेव्हा गटातल्या तिघींचं बिल २२० वर आलं. गिऱ्हाईक त्याच्याकडेच राहिलं. एकीने मात्र छत्री लावून पावसाळ्यात कंटाळून परत केबल घेतली. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात जे निभेल ते.

आणि ती? पुढच्या बैठकीत मी आधी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ज्या तोंडाने चारचौघांत बोलले, त्याच तोंडाने चारचौघांत मागितली. मग गटाने तिला छत्रीसाठी १८०० रुपये बिनव्याजी दिले. दरमहा ३०० चे सहा हप्ते. केबलचे जात होते, त्यापेक्षाही पन्नास कमी. सहा महिन्यांत कर्ज फिटलं. आता दोनशे रुपये महिन्याच्या महिन्याला येतात, आणि मागचे राहिलेलेही तिने हळूहळू भरून टाकले. कुणी मागितले नव्हते, तरी.

परवा तिच्याकडे गेले होते. सासूबाई जुना सिनेमा बघत पडल्या होत्या. विचारलं, ‘‘काय आजी, तुमची मालिका चुकते ना हो?’’ त्या एका बाजूने हसल्या. आता त्यांची नात रोज रात्री शेजारी जाऊन मालिका बघून येते आणि खाटेवर बसून आजीला सगळी गोष्ट हातवारे करून सांगते. ‘‘खरं किती आणि पदरचं किती, देव जाणे,’’ आजी अडखळत म्हणाल्या, ‘‘पण रोज माझ्याजवळ बसते अर्धा तास.’’

साडेतीनशे रुपये वाचले, हे वहीत लिहिता आलं. हा अर्धा तास कोणत्या रकान्यात मांडायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.