इतिहास नावडता का झाला? उमरीच्या वर्गातून एक आढावा

गणित नको वाटते ते अवघड म्हणून; इतिहास नको वाटतो तो कंटाळवाणा म्हणून. नांदेड-लातूरकडच्या शाळांत हे सर्रास ऐकायला मिळते. मुलांना वाचनाची आवड राहिली नाही, असे म्हणून मोठी माणसे मोकळी होतात. मला ते पटत नाही. मुलांना इतिहास आवडत नाही, कारण वर्गात त्यांच्यापुढे येतो तो इतिहास नसतोच. येतात ती फक्त उत्तरे. उमरीसारख्या गावात तर ही गोष्ट फारच खुपते.

उमरी हे मुदखेड-निजामाबाद रेल्वेमार्गावरचे तालुक्याचे गाव. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी इथल्या बँकेवर छापा घातला आणि लाखो रुपये लढ्यासाठी नेले. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. एकाच तारखेच्या या दोन घटना वर्गात शेजारी मांडून पाहा. गांधीजींना मानणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात बंदूक कशी आली? निजामाच्या राज्यात रजाकारांचा जुलूम सोसणाऱ्या गावांपुढे दुसरा कोणता मार्ग उरला होता? लोकांचा पैसा लढ्यासाठी नेला, तर त्याचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा? आठवीतला मुलगा यावर तासभर भांडेल. मात्र ३० जानेवारी त्याला ठाऊक असते ती अकरा वाजता उभे राहून पाळायच्या शांततेपुरती.

जोड्या लावा

आठवीच्या पाठ्यपुस्तकात हैदराबाद मुक्तिसंग्राम आहे. काश्मीर, जुनागड आणि गोवा यांच्याबरोबर एका पाठात तो मावतो. राज्यभरासाठी एकच पुस्तक म्हटले की प्रत्येक तालुक्याला त्यात जागा मिळणार नाही, हे मान्य. पण त्या पाठाचे वर्गात काय होते ते बघा. गुरुजी एकदा पाठ वाचतात. मग स्वाध्याय उघडतो आणि मुले पेन्सिलीने पुस्तकात ‘खुणा करून’ घेतात: इथपासून इथपर्यंत पहिल्या प्रश्नाचे उत्तर, तिथून पुढे दुसऱ्याचे. वहीत एका बाजूला स्वामी रामानंद तीर्थ, दुसऱ्या बाजूला हैदराबाद स्टेट काँग्रेस, मधे पट्टीने मारलेली रेघ. जोडी जुळली, गुण मिळाला, पाठ संपला. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवणारा हा माणूस निजामाविरुद्ध का उभा राहिला, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

दोष एकट्या शिक्षकाचा नाही. बऱ्याच शाळांत भाषेचा किंवा भूगोलाचा शिक्षकच इतिहासाचे तास घेतो आणि त्याच्या मागे निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामे असतात. दहावीला इतिहास व राज्यशास्त्र मिळून लेखी परीक्षा ४० गुणांची. लातूर पॅटर्नने या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, हे खरे. पण त्याच ओढीत आठवीपासूनच घरचे लक्ष विज्ञान-गणिताच्या शिकवणीवर लागते आणि इतिहास परीक्षेच्या आदल्या रात्री ‘अपेक्षित’मधून उरकायचा विषय होतो.

परंपरा तर वेगळी होती

मराठी माणसाचा आधुनिक इतिहासविचार सुरू झाला तोच मुळी एका छापील ग्रंथाला हरकत घेऊन. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला आणि पुढे बराच काळ तो प्रमाण मानला गेला. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६०च्या दशकात त्यातल्या चुका दाखवणारा निबंध लिहिला. पुढे इतिहासकार वि. का. राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडले, ते याच वाटेने.

आपला भागही मागे नव्हता. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी उस्मानिया विद्यापीठाच्या काळातल्या, उर्दूचे वर्चस्व असलेल्या हैदराबाद संस्थानात वाढले. फार्सी साधने मुळातून वाचून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासात मोलाची भर घातली. नरहर कुरुंदकर नांदेडला शिकवत होते. मान्य मते तपासून पाहायला त्यांनी एका पिढीला शिकवले. ज्या जिल्ह्यांतून ही माणसे आली, तिथेच इतिहास म्हणजे पाठांतर ठरावे, याची खंत वाटते.

कपाटातला इतिहास

इतिहास खरोखरच नकोसा असता, तर २०२३ साली मराठवाड्यात जे घडले ते घडले नसते. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. गावोगावी लोक जुने दप्तर उघडू लागले. तहसिलातले निजामकालीन कागद, शाळेतली प्रवेश-निर्गम नोंदवही, पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द, सगळ्याला मोल आले. मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस सापडेना. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, साधन म्हणजे काय, नोंद कोणी आणि कशासाठी केली, एका नोंदीवर किती भरवसा ठेवावा, हे प्रश्न त्या दिवसांत पारावर चर्चिले गेले. इतिहासाच्या तासाला यापेक्षा वेगळे काय शिकवायचे असते?

इंग्लंडमध्ये १९७२ साली शालेय इतिहासाचा एक प्रकल्प सुरू झाला. मुलांपुढे साधने ठेवायची, निष्कर्ष त्यांनी काढायचे आणि आसपासच्या एका जागेचा प्रत्यक्ष अभ्यास करायचा, ही त्याची रीत. आपल्याकडेही दार बंद नाही. दहावीच्या सध्याच्या पुस्तकात इतिहासलेखनाची परंपरा, उपयोजित इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे पाठ आहेत. पुस्तक बदलले; प्रश्नपत्रिका आणि वर्गातली सवय बदलायची राहिली.

सुरुवात शाळेनेच करता येईल. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण गावातल्या एका खऱ्या शोधाला द्यावेत. उमरीच्या मुलांनी बँकेच्या छाप्याबद्दल दोन वेगवेगळे वृत्तान्त मिळवून ताडून पाहावेत. बिलोलीकडच्या मुलांनी अर्जापूरला जाऊन १९४६ साली तिथे हुतात्मा झालेल्या गोविंदराव पानसरे यांची माहिती घ्यावी. कंधारच्या मुलांनी किल्ला पाहावा, देगलूरच्या मुलांनी होट्टलची देवळे. मुक्तिसंग्राम स्वतः पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी टिपायला मोबाइल पुरेसा आहे.

शिक्षकांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे: १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनाच्या, झेंडावंदनानंतर मुलांना लगेच घरी पाठवू नका. एक जुना कागद किंवा एक जुने माणूस त्यांच्यापुढे आणा आणि त्या दिवशी प्रश्न मुलांना विचारू द्या.