सर्व्हरची बॅटरी व तिची व्यवस्था

वीज अवचित जाणें ही आपल्या कारंज्यास नवलाची गोष्ट नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं तर मुंबईचाही पुरवठा तुटून लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या होत्या. ज्या सर्व्हरवर शाळेचीं गुणपत्रकें, हजेरी व फीचे हिशेब असतात, त्याचें अशा वेळीं काय होतें, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही समजून घेण्यासारखें आहे.

लिहिलेली प्रत्येक ओळ तत्क्षणीं डिस्कवर जात नाहीं. लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली नवा मजकूर कांहीं काळ, सामान्यतः सुमारें ३० सेकंद, स्मृतींत ठेवते. तेवढ्यांत वीज गेली तर तो मजकूर नाहींसा होतो, व प्रसंगीं अर्धवट लिहिलेली नोंदही बिघडते. ह्यास्तव यूपीएस जोडतात. काम चालू ठेवावें एवढ्याचसाठीं तो आहे असा पुष्कळांचा समज असतो. परंतु सर्व्हरच्या बाबतींत त्याचें मुख्य कार्य निराळें आहे. यंत्रास आवरासावर करून नीट बंद होण्यास अवकाश मिळावा, हें तें कार्य होय.

यूपीएस सर्व्हरला यूएसबी तारेनें जोडला कीं बॅटरींत किती शक्ति उरली तें सर्व्हरला कळतें. एपीसी कंपनीच्या यूपीएसकरितां ही वार्ता ऐकून यंत्र बंद करण्याचें काम ‘एपीसीयूपीएसडी’ हा प्रोग्राम करतो. त्याच्या फाइलींत तीन आंकडे मुख्य आहेत. ‘बॅटरीलेव्हल’ म्हणजे शेंकडा किती शक्ति उरली असतां बंद व्हावें. ‘मिनिट्स’ म्हणजे किती मिनिटांचा अवधि उरला असतां. आणि ‘टाइमआउट’ म्हणजे वीज गेल्यापासून किती सेकंदांनीं. मूळचे आंकडे अनुक्रमें ५, ३ व ० असे असतात. येथें शून्य म्हणजे ती अट लागू नाहीं. जी अट प्रथम पुरी होईल तिच्याप्रमाणें यंत्र बंद होऊं लागतें.

मग ३ मिनिटें पुरतील काय? हें घड्याळ लावूनच पाहावें. सर्व्हर बंद होण्यास ४ मिनिटें लागत असतील तर ३ हा आंकडा व्यर्थ होय. तेथें १० लिहावे असें आम्ही सुचवूं. कारण, २५ अंश सेल्सियसच्या वर दर १० अंशांस शिशाच्या बॅटरीचें आयुष्य सुमारें निम्में होतें, असा ठोकताळा आहे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत त्याचा प्रत्यय सहज येतो. जुनी बॅटरी सांगितल्यापेक्षां लवकर संपते.

आणखी एक बाब. सर्व्हर बंद होत असतांनाच वीज परत आली तर तो बंदच राहतो. कारण त्याच्या दृष्टीनें वीज कधीं गेलीच नाहीं. म्हणून शेवटीं यूपीएसनें आपला पुरवठा तोडावा अशी आज्ञा योजावी, आणि वीज येतांच यंत्र आपोआप चालू व्हावें अशी नोंद बायॉसमध्यें करावी.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींच्या दृष्टांतांत शहाण्या पांचजणींनीं तेल आधींच बरोबर घेतलें होतें. मध्यरात्रीं दुकान शोधणाऱ्यांस दार बंद झालेलें आढळलें. वीज गेल्यावर आंकडे शोधूं लागणें त्यासारखेंच आहे. तरी सुटीच्या दिवशीं, सर्व माहितीची दुसरी प्रत काढून, शिक्षकांच्या देखरेखीखालीं परीक्षा घ्यावी: प्रथम सर्व्हरची वीजतार भिंतीच्या प्लगांत ठेवून यूपीएसवर तेवढ्याच ओढीचे दिवे लावावे, मग यूपीएसची वीज बंद करावी व सर्व्हर वेळेवर बंद होतो कीं नाहीं तें पाहावें. असें वर्षांतून एकदां तरी अवश्य करावें.